घटक ४ : ओळख, पत आणि हमी – संगणक-जाळ्यात विश्वास कोणावर ठेवावा?

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला,
• ओळख, पत आणि हमी या तीन संकल्पनांतील भेद स्पष्ट करता येईल.
• वऱ्हाडच्या कापूस व्यापाराच्या आधारे दूरस्थ व्यवहारातील विश्वासाचा प्रश्न मांडता येईल.
• संगणक-जाळ्यात पत कशी मोजली जाते, हे सोप्या गणिताने सांगता येईल.
• पतमापनातील लबाडीचे प्रकार ओळखता येतील.
• ज्याची पत मोजली जाते, त्याच्या हक्कांविषयी विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संगणक-जाळ्यामुळे संदेशवहनाचे स्वरूप कसे बदलले ते पाहिले. प्रस्तुत घटकात त्यातूनच निर्माण झालेला एक प्रश्न विचारात घ्यायचा आहे. दर्यापूर तालुक्यातील एखादा शेतकरी मोबाइलवरून फवारणीचा पंप मागवतो. विकणारा कोण, तो कोठे राहतो, त्याचे दुकान तरी आहे की नाही, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. पडद्यावर एक नाव, काही चांदण्या आणि चार-दोन अभिप्राय दिसतात. तेवढ्या आधारावर तो आगाऊ पैसे भरतो. या कृतीला आपण 'विश्वास' म्हणतो. परंतु हा विश्वास नेमका कशावर उभा आहे?

हा प्रश्न संगणकाने प्रथमच निर्माण केला, असे समजण्याचे कारण नाही. न पाहिलेल्या माणसाशी, न पाहिलेल्या मालाचा व्यवहार करणे वऱ्हाडला दीडशे वर्षांपासून परिचित आहे. अमरावती आणि अकोला येथील कापूस हजारो मैलांवरच्या खरेदीदाराकडे जात होता, तेव्हा दोन्ही बाजूंना हाच पेच पडला होता. त्यावर जे उपाय शोधले गेले आणि त्या उपायांत ज्या उणिवा राहिल्या, त्यांचा परिचय करून घेतल्यास संगणक-जाळ्यातील पतव्यवस्था समजणे सुलभ होते. म्हणून या घटकात आपण प्रथम शब्दांचा, नंतर बाजाराचा आणि शेवटी जाळ्याचा विचार करणार आहोत.

४.२ तीन शब्द, तीन प्रश्न

मराठीत विश्वासाच्या व्यवहारासाठी अनेक शब्द आहेत : ओळख, पत, साख, अब्रू, हमी, जामीन, भरवसा. बोलण्यात ते एकमेकांच्या जागी येतात. तरीही त्यांपैकी तीन शब्द वेगळे काढले, तर प्रत्येक शब्द एका स्वतंत्र प्रश्नाचे उत्तर देतो, असे दिसून येईल.

अ) ओळख : समोरचा माणूस कोण आहे? काल ज्याच्याशी व्यवहार केला तोच हा आहे काय?

ब) पत : या माणसाने आजवर कसा व्यवहार केला? लोक त्याच्या शब्दावर किती माल वा किती पैसा सोडतात? 'बाजारात त्याची पत आहे' या वाक्यात भूतकाळातील वर्तनाचा हिशेब गृहीत असतो. पतपुरवठा, पतपेढी, पतसंस्था हे शब्द याच अर्थातून घडले आहेत.

क) हमी : व्यवहार फसला तर नुकसान कोण भरून देणार? 'जामीन राहणे' या वाक्प्रचारात तिसऱ्या माणसाने पत्करलेली ही जबाबदारी व्यक्त होते.

या तिन्हींत एक क्रम आहे. ओळख पक्की नसेल तर पत कोणाच्या नावावर जमा करायची, हे ठरत नाही. पत कितीही असली तरी ती भविष्याची खात्री देत नाही. म्हणून मोठ्या व्यवहारात हमी लागते. मराठीत 'नाव कमावणे' आणि 'नाव घालवणे' असे वाक्प्रचार आहेत. नाव घालवणे दुःखदायक ठरते ते एवढ्यासाठी की गावात दुसरे नाव मिळत नाही. संगणक-जाळ्यात मात्र दुसरे नाव क्षणात मिळते. हा फरक पुढील संपूर्ण विवेचनात लक्षात ठेवावा.

*स्वयं-अध्ययन प्रश्न – १*
१) 'पत' आणि 'हमी' यांतील फरक एका वाक्यात सांगा.
२) ओळख नसेल तर पत का निरर्थक ठरते?

४.३ वऱ्हाडचा कापूस : न पाहिलेल्या व्यापाऱ्यावरचा विश्वास

४.३.१ 'उमरा' हे नाव

१८५३ साली निजामाशी झालेल्या तहानुसार वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे लक्ष हिंदुस्थानी कापसाकडे वळले. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात आली. १८७० साली समुद्राखालील तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. वऱ्हाडातील भाव आणि लिव्हरपूलमधील भाव एकाच तारेच्या दोन टोकांना आले. आजच्या अर्थाने पाहिले तर तार हेही एक जाळेच होते.

लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला अमरावतीच्या 'उमरावती' या रूपावरून नाव पडले आणि पुढे ते 'उमरा' असे रूढ झाले. खरेदीदाराला अमरावतीचा शेतकरी ठाऊक नव्हता, अडत्या ठाऊक नव्हता. त्याला 'उमरा' ठाऊक होता. कापसाची पत त्या एका नावात साठली होती.

येथेच पहिली अडचण उद्भवली. हे नाव सर्वांचे होते. एखाद्याने कापसात सरकी ठेवली, पाणी मारले, अथवा आखूड धाग्याचा कापूस मिसळला, तर वाढीव वजनाचा फायदा त्याला एकट्याला मिळे. नाव मात्र सगळ्या मुलखाचे खराब होई. उलटपक्षी, ज्याने स्वच्छ कापूस पाठवला त्यालाही 'उमरा'चाच सरासरी भाव मिळे. प्रामाणिकपणाचे फळ सामायिक आणि लबाडीचे फळ खासगी, अशी ही व्यवस्था होती. पुढे तर वऱ्हाडाबाहेरचा कापूसही याच नावाने विकला जाऊ लागला. हिंदुस्थानी कापसातील भेसळीची तक्रार इतकी व्यापक होती, की मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

४.३.२ गाठीवरचा शिक्का

या अडचणीवरचा एक महत्त्वाचा उपाय १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या कायद्यात आढळतो. प्रत्येक प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या गाठीवर त्या कारखान्याची ठरवून दिलेली खूण आणि गाठीचा अनुक्रमांक असला पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले. आता दूरच्या गिरणीत गाठ उघडल्यावर आत ओला कापूस निघाला, तर ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली गेली हे सांगता येऊ लागले.

या शिक्क्याचे कार्य नीट समजून घ्यावे. गाठीतील कापूस चांगला आहे, असे शिक्का सांगत नाही. ही गाठ कोणाची आहे, एवढेच तो सांगतो. म्हणजे तो ओळख देतो; पत देत नाही. परंतु ओळख मिळाल्यामुळे पत साठण्याची सोय होते. सामायिक नावाखाली लपणे अवघड होते आणि चांगल्या कामाचे श्रेय ज्याचे त्याला मिळू शकते.

४.३.३ बाजार समिती : साक्षीदार कोण?

दुसरा उपाय बाजाराच्या नियमनाचा होता. देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे स्थापन झाला. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा करण्यात आला. कृषी बाजाराच्या नियमनाचा देशातील हा आद्य कायदा मानला जातो. बाजारासाठी जागा निश्चित करणे, अडते आणि मापाडी यांना परवाने देणे आणि समितीमार्फत देखरेख करणे, ही त्याची मुख्य अंगे होत. मापाडी हा तराजूचा साक्षीदार होय. शेतकरी आणि व्यापारी यांचा परस्परांवर विश्वास नसला तरी मापावर दोघांचा विश्वास असेल, तर सौदा होऊ शकतो.

मात्र या कायद्याखालील समित्यांत व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला प्रतिनिधित्व नव्हते. १९२८ साली अहवाल सादर करणाऱ्या शाही कृषी आयोगाने ही उणीव नोंदवली. कोणत्या अडत्याचा परवाना कायम ठेवायचा आणि कोणाची तक्रार खरी मानायची, हे ठरवणाऱ्यांत तक्रार करणारा वर्गच नव्हता. भाव ठरवण्याच्या जुन्या 'हत्ता' पद्धतीतही असाच दोष होता. रुमालाखाली हातात हात देऊन बोटांच्या खुणांनी बोली लागत असे. ज्याच्या मालाची बोली लागे, त्या शेतकऱ्याला ती दिसत नसे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, नाव टाकून देणे सोपे असेल किंवा नाव अनेकांत सामायिक असेल, तर पत टिकत नाही. दुसरा, साक्षीदार कोणी नेमले यावर निकाल अवलंबून असतो. संगणक-जाळ्यातील पतव्यवस्था याच दोन प्रश्नांभोवती फिरते.

*स्वयं-अध्ययन प्रश्न – २*
१) सामायिक नावामुळे भेसळीला उत्तेजन का मिळते?
२) गाठीवरचा शिक्का ओळख देतो की पत? कारण द्या.

४.४ जाळ्यातील पत कशी मोजतात?

४.४.१ पुन्हा भेटण्याची शक्यता

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या 'द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन' या ग्रंथात सहकार्याच्या प्रश्नाची चर्चा केली आहे. दोन व्यक्ती एकदाच भेटणार असतील, तर फसवण्याचा मोह मोठा असतो. त्या वारंवार भेटणार असतील, तर आजच्या फसवणुकीची किंमत उद्या मोजावी लागते. यास त्यांनी वर्तमानावर पडणारी भविष्याची सावली असे म्हटले. संगणक-स्पर्धांत निरनिराळी धोरणे परस्परांविरुद्ध खेळवली असता 'जशास तसे' हे अगदी साधे धोरण विजयी ठरले.

आठवडी बाजारात ही सावली आपोआप पडते, कारण तोच विक्रेता पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसणार असतो. जाळ्यात दोन माणसे पुन्हा भेटण्याची शक्यता कमी असते. तेथे पतव्यवस्था ही सावली कृत्रिम रीतीने निर्माण करते. फसवलेला ग्राहक परत येणार नसला तरी त्याची साक्ष पुढच्या ग्राहकापर्यंत पोहोचते. १९९५ साली सुरू झालेल्या ईबे या लिलाव-संकेतस्थळाने या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. सौदा झाल्यावर खरेदीदार आणि विक्रेता परस्परांविषयी अभिप्राय नोंदवत.

४.४.२ साधी मोजणी

पत मोजण्याची एक सोपी रीत पुढीलप्रमाणे आहे :

पत = (चांगले व्यवहार + १) ÷ (एकूण व्यवहार + २)

समजा, तीन विक्रेते आहेत. पहिल्याचे ३ पैकी ३ व्यवहार चांगले झाले. दुसऱ्याचे १०० पैकी ९५ चांगले झाले. तिसरा नवा आहे. त्याचा एकही व्यवहार झालेला नाही.

पहिला : ४ ÷ ५ = ०.८०
दुसरा : ९६ ÷ १०२ = ०.९४
तिसरा : १ ÷ २ = ०.५०

नुसती टक्केवारी पाहिली असती, तर पहिला शंभर टक्के आणि दुसरा पंचाण्णव टक्के म्हणून पहिला श्रेष्ठ ठरला असता. वरील सूत्र अनुभवाच्या प्रमाणालाही महत्त्व देते. तीन व्यवहारांची साक्ष अपुरी आहे, म्हणून ते पहिल्याला पूर्ण गुण देत नाही. नव्या विक्रेत्याविषयी काहीच माहिती नसल्याने ते त्याला मधोमध उभे करते. 'पाच चांदण्या' दिसताच त्या किती जणांनी दिल्या हे पाहण्याची सवय याच कारणासाठी लावून घ्यावी.

४.४.३ साक्षीदाराचे वजन

वरील रीतीत प्रत्येक साक्ष समान मानली आहे. व्यवहारात तसे नसते. पंचवीस वर्षे बाजारात बसलेल्या मापाड्याचे म्हणणे आणि कालच आलेल्या अनोळखी माणसाचे म्हणणे आपण एकाच तराजूत तोलत नाही. समजा, एका विक्रेत्याविषयी तीन साक्षी आहेत. ज्याच्यावर आपला विश्वास ०.८ आहे तो 'चांगला' म्हणतो. ज्यांच्यावर प्रत्येकी ०.१ आहे ते दोघे 'वाईट' म्हणतात. डोकी मोजली, तर विक्रेत्याला तीनपैकी एक, म्हणजे ०.३३ मिळतात. वजन धरून मोजले, तर ०.८० मिळतात.

परंतु साक्षीदाराचे वजन कोणी ठरवायचे? तेही इतरांच्या साक्षीवरूनच ठरते आणि त्या इतरांचे वजन आणखी इतरांवरून. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली संकेतपृष्ठांची क्रमवारी या चक्रातून मार्ग काढते. ज्या पृष्ठाकडे महत्त्वाची पृष्ठे निर्देश करतात, ते पृष्ठ महत्त्वाचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेपँडर कामवार, मारियो श्लोसर आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी २००३ साली 'आयगेनट्रस्ट' ही पद्धत मांडली. परस्परांशी थेट फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या संगणकांसाठी ती होती. प्रत्येक संगणक आपल्या अनुभवानुसार इतरांना गुण देतो. मग शेजाऱ्यांचे गुण त्या शेजाऱ्यांवरील विश्वासाच्या प्रमाणात मिळवतो, मग शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांचे. ही बेरीज वारंवार केल्यावर आकडे स्थिर होतात आणि प्रत्येकाची जाळेव्यापी पत मिळते.

एकमेकांची पाठ थोपटणाऱ्या टोळीने ही बेरीज बिघडवू नये, म्हणून या पद्धतीत आरंभीच काही संगणक विश्वासार्ह मानले जातात. सर्व गणित त्यांच्यापासून सुरू होते. येथे १८९७ च्या बाजार समितीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आरंभीचे विश्वासू कोणी निवडले, हा गणिताबाहेरचा निर्णय आहे. तो एकांगी असेल, तर पुढचे अचूक गणितही त्या एकांगीपणालाच मोठे करते.

*स्वयं-अध्ययन प्रश्न – ३*
१) एका विक्रेत्याचे ८ पैकी ७ व्यवहार चांगले झाले. वरील सूत्राने त्याची पत काढा.
२) आयगेनट्रस्ट पद्धतीत काही संगणक आधीच विश्वासार्ह का मानावे लागतात?

४.५ पत कशी फसवते?

पत मोजली जाऊ लागली की ती बनावटही होऊ लागते. लबाडीचे प्रमुख प्रकार असे :

१) बहुनामी लबाडी : एकच माणूस शेकडो नावे धारण करून स्वतःच स्वतःची साक्ष देतो. जॉन डाउसर यांनी २००२ सालच्या निबंधात या प्रकाराचे विश्लेषण केले. अनेक व्यक्तिमत्त्वे असलेल्या स्त्रीविषयीच्या 'सिबिल' या १९७३ सालच्या पुस्तकावरून त्यास 'सिबिल हल्ला' म्हणतात. कर्जाच्या 'सिबिल'शी या नावाचा संबंध नाही. ओळख प्रमाणित करणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल, तर अशा हल्ल्याची शक्यता पूर्णपणे नाहीशी करता येत नाही, असे डाउसर यांनी दाखवले.

२) नाव धुऊन काढणे : पत बिघडली की जुने नाव टाकून नवे घेणे. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेस्निक यांनी २००१ साली दाखवले, की टोपणनावे स्वस्त असली म्हणजे त्याची किंमत प्रामाणिक नवख्यांना मोजावी लागते. नवखा आणि नाव बदललेला लबाड यांत भेद करता येत नसल्याने सर्वच नवख्यांकडे संशयाने पाहिले जाते.

३) परस्परस्तुती : एकाच माळेचे मणी एकमेकांना पाच चांदण्या देतात. उंटाने गाढवाच्या आवाजाची आणि गाढवाने उंटाच्या रूपाची प्रशंसा केल्याची जुनी गोष्ट येथे तंतोतंत लागू पडते.

४) सुडाची साक्ष : वाईट अभिप्राय दिला तर समोरचाही तसाच देईल, या भीतीने लोक खरे लिहीत नाहीत. या कारणास्तव ईबेने २००८ साली विक्रेत्यांना खरेदीदारांविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्यास मनाई केली.

५) पत साठवून एकदाच उधळणे : लहानलहान सौद्यांत चोख राहून मोठ्या सौद्यात बुडवणे. दहा रुपयांच्या शंभर व्यवहारांतून मिळवलेली पत लाख रुपयांच्या व्यवहारासाठी पुरेशी नसते.

६) पत चोरणे : परिचिताचे व्हॉट्सॲप खाते ताब्यात घेऊन त्याच्या नावाने पैसे मागणे. येथे पत खरी असते. माणूस बदललेला असतो. अशा वेळी त्याच मार्गाने खात्री करून उपयोग नाही. दूरध्वनीवर प्रत्यक्ष आवाज ऐकून, किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीस विचारून खात्री करावी. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. विलंब जितका कमी, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

अभिप्रायांच्या विश्वसनीयतेसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय लिहिणाऱ्याची ओळख पडताळणे हा त्यातील एक महत्त्वाचा भाग आहे. पतीचा प्रश्न पुन्हा ओळखीपाशीच येतो, हे यातून ध्यानी येईल.

४.६ ओळखीचा पुरावा : डिजिटल स्वाक्षरी

गाठीवरच्या शिक्क्याचे काम जाळ्यात डिजिटल स्वाक्षरी करते. प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. गुप्त किल्लीने मजकुरावर स्वाक्षरी केली जाते आणि जाहीर किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. परंतु ही जाहीर किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे, हे कोण सांगणार? याची दोन उत्तरे दिली गेली.

पहिले उत्तर ओळखीपाळखीचे आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'पीजीपी' या प्रणालीत परिचितांनी परिचितांच्या किल्लीस साक्ष द्यावी, अशी योजना रूढ झाली. आपण ज्याला ओळखतो, तो ज्याला ओळखतो, अशी ही साखळी असते. सोयरिकीच्या वेळी गावोगावच्या नातेवाइकांकडे चौकशी करण्याची जी रीत आहे, तिच्याशी या योजनेचे साम्य आहे.

दुसरे उत्तर अधिकृत संस्थेचे आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये प्रमाणन संस्थांना परवाना देण्यासाठी नियंत्रक नेमला जातो. ही रीत बाजार समितीच्या परवान्यासारखी आहे. तिचा धोकाही तसाच आहे. परवाना देणाराच गाफील राहिला, तर सर्वांचे नुकसान होते. नेदरलँड्समधील 'डिजिनोटार' या प्रमाणन संस्थेत २०११ साली घुसखोरी होऊन खोटी प्रमाणपत्रे निघाली. ब्राउझर बनवणाऱ्यांनी तिच्यावरील विश्वास काढून घेतला आणि त्याच वर्षी संस्था दिवाळखोरीत गेली.

संकेतस्थळाच्या पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलपाचा अर्थही येथे स्पष्ट करावा. आपला मजकूर वाटेत कोणी वाचत नाही आणि पत्त्यात दिसते त्याच स्थळाशी आपण जोडलेलो आहोत, एवढेच कुलूप सांगते. ते स्थळ प्रामाणिक माणसाचे आहे, असे ते सांगत नाही. लबाडाच्या दुकानालाही कुलूप असू शकते.

कापूस आणि शेतीच्या क्षेत्रात या कल्पना परत येताना दिसतात. 'कस्तुरी' हे भारतीय कापसाचे नाव ७ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर झाले. त्याखालील कापसाचा माग काढण्यासाठी क्यूआर संकेत आणि ब्लॉकचेन यांचा वापर करण्यात येतो. बियाण्यांचा माग लागावा म्हणून केंद्र सरकारने २०२३ साली 'साथी' हे पोर्टल सुरू केले. बोगस बियाण्याने ज्याचा हंगाम वाया गेला आहे, त्याला पिशवीवरच्या संकेताचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. 'उमरा' या सामायिक नावापासून प्रत्येक गाठीच्या आणि पिशवीच्या स्वतंत्र ओळखीपर्यंतचा हा प्रवास आहे.

*स्वयं-अध्ययन प्रश्न – ४*
१) पीजीपी आणि प्रमाणन संस्था यांतील मूलभूत फरक सांगा.
२) संकेतस्थळावरील कुलूप कोणती खात्री देत नाही?

४.७ ज्याची पत मोजली जाते त्याचे हक्क

आतापर्यंत आपण पत पाहणाऱ्याच्या बाजूने विचार केला. आता ज्याची पत मोजली जाते, त्याच्या बाजूनेही पाहणे आवश्यक आहे.

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या तोंडी असलेला 'सिबिल' हा शब्द २००० साली स्थापन झालेल्या पतमाहिती संस्थेच्या नावावरून आला. कर्जफेडीच्या इतिहासावरून ही संस्था ३०० ते ९०० या दरम्यान अंक देते. पीककर्जासाठी या अंकाची अट लावू नये, अशी सूचना राज्य सरकारने बँकांना वारंवार केली आहे. या वादाच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे. अवर्षणामुळे थकलेले कर्ज आणि बुडवण्याच्या हेतूने थकवलेले कर्ज हे अंकात सारखेच दिसते. पत वर्तनाची नोंद ठेवते. वर्तनामागील कारणाची नोंद ठेवत नाही.

दुसरा प्रश्न नोंदच नसणाऱ्यांचा आहे. मक्त्याने शेती करणारा, किंवा सातबारावर नाव नसलेली शेतकरी स्त्री वर्षानुवर्षे चोख व्यवहार करत असते. परंतु तो व्यवहार तिच्या नावावर जमा होत नाही. यंत्राच्या दृष्टीने ती कायमची नवखी राहते. पूर्वी गावातील पतही जात, जमीन आणि घराणे पाहूनच ठरत असे, हे विसरून चालणार नाही. गावची पत जवळची होती म्हणून ती न्याय्य होती, असा भाबडा समज करून घेऊ नये. यंत्राची पत दूरची आहे म्हणून ती निःपक्षपाती आहे, हा समजही तितकाच भाबडा आहे.

म्हणून कोणत्याही पतव्यवस्थेस तीन प्रश्न विचारावेत. आपल्याविषयीची नोंद आपल्याला पाहता येते काय? चूक असल्यास दुरुस्त करता येते काय? जुन्या चुकीतून सावरण्याची वाट आहे काय? पतमाहितीच्या बाबतीत २००५ च्या कायद्याने आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी काही हक्क दिले आहेत. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो आणि चुकीविषयीच्या तक्रारीचे निवारण ३० दिवसांत होणे अपेक्षित असते. खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवरील चांदण्यांबाबत किंवा अनोळखी क्रमांकाला परस्पर चिकटवलेल्या 'फसवा' या शेऱ्याबाबत दाद मागण्याची वाट एवढी स्पष्ट नसते. रुमालाखालची बोली आपण त्याज्य मानली; आकड्यांच्या आड लागणाऱ्या बोलीबाबतही तीच कसोटी लावली पाहिजे.

४.८ सारांश

संगणक-जाळ्यात विश्वास ठेवताना ओळख, पत आणि हमी हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. वऱ्हाडच्या कापूस व्यापारात 'उमरा' या सामायिक नावामुळे भेसळीला वाव मिळाला. गाठीवरच्या खुणेने ओळख दिली आणि बाजाराच्या नियमनाने साक्षीदार दिले. परंतु त्या साक्षीदारांत शेतकऱ्याला स्थान नव्हते. जाळ्यातील पतव्यवस्था व्यवहारांची मोजणी करते आणि साक्षीदारांना वजन देते. नाव टाकून देणे स्वस्त असेल, तर ही मोजणी फसते. आरंभीचे साक्षीदार एकांगी असतील, तर ती अन्याय करते. त्यामुळे पतीचा आकडा हे विचाराचे साधन मानावे. निर्णय आपला आपणच घ्यायचा असतो आणि व्यवहार जितका मोठा, तितकी हमीची गरज अधिक असते.

४.९ पारिभाषिक शब्द

पतव्यवस्था : पूर्वीच्या व्यवहारांच्या साक्षी गोळा करून विश्वासार्हता ठरवणारी यंत्रणा.
हत्ता : रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची पद्धत.
बहुनामी लबाडी : एकाच व्यक्तीने अनेक नावांनी स्वतःची साक्ष देणे.
डिजिटल स्वाक्षरी : मजकूर कोणाचा आहे आणि तो बदललेला नाही, हे पडताळण्याचे साधन.
प्रमाणन संस्था : जाहीर किल्ली कोणाची आहे, याचे प्रमाणपत्र देणारी परवानाधारक संस्था.

४.१० स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १) पत पूर्वीच्या वर्तनाचा हिशेब सांगते, तर हमी नुकसान झाल्यास ते कोण भरून देणार हे सांगते. २) वर्तनाची नोंद कोणाच्या नावावर जमा करायची, हे ओळखीशिवाय ठरत नाही.
प्रश्न २ : १) लबाडीचा फायदा एकट्याला मिळतो आणि तोटा सर्वांत वाटला जातो. २) ओळख, कारण शिक्का कापसाचा दर्जा सांगत नाही, गाठ कोणाची ते सांगतो.
प्रश्न ३ : १) (७ + १) ÷ (८ + २) = ०.८० २) परस्परस्तुती करणाऱ्या टोळीने गणित बिघडवू नये म्हणून.
प्रश्न ४ : १) पीजीपीमध्ये परिचित व्यक्ती साक्ष देतात, दुसऱ्या पद्धतीत परवानाधारक संस्था साक्ष देते. २) संकेतस्थळ चालवणारा प्रामाणिक आहे, ही खात्री.

४.११ स्वाध्याय

१) 'प्रामाणिकपणाचे फळ सामायिक आणि लबाडीचे फळ खासगी' या विधानाचे वऱ्हाडच्या कापूस व्यापाराच्या आधारे विवेचन करा. (३०० शब्द)
२) पतमापनातील लबाडीचे कोणतेही चार प्रकार आपल्या परिसरातील उदाहरणांसह स्पष्ट करा. (३०० शब्द)
३) टिपा लिहा : अ) साक्षीदाराचे वजन आ) भविष्याची सावली इ) नवख्यांचा प्रश्न. (प्रत्येकी १०० शब्द)

उपक्रम : आपल्या जवळच्या बाजार समितीस किंवा आठवडी बाजारास भेट द्या. अडते, मापाडी, हमाल, शेतकरी आणि किरकोळ विक्रेते यांच्याशी बोलून विश्वास, पत आणि फसवणूक यांविषयी त्यांच्या बोलीत येणारे किमान वीस शब्द व वाक्प्रचार मिळवा. प्रत्येकाचा अर्थ द्या आणि तो शब्द ओळख, पत व हमी यांपैकी कोणत्या गटात बसतो, ते कारणासह लिहा. जो शब्द कोणत्याही गटात बसत नाही, त्याचा स्वतंत्र विचार करा.